कपाकडे लक्ष ठेवा

मी आयुष्यभर चौथीच्या मुलांना शिकवलं, त्यामुळे मला सहसा राग येत नाही. मुलांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली तरी मी पुन्हा पुन्हा सांगतो. मुलं निदान विचारतात तरी. मोठ्या माणसांचं मात्र मला अजून जमलेलं नाही. ती सल्ला मागतात, मान डोलावतात, घरी जाऊन स्वतःला हवं तेच करतात, आणि पुन्हा भेटली की म्हणतात, "फार छान होतं हो."

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे. त्यात जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी आहेत. गाजलेले चित्रपट त्यात नाहीत, ते शोधायला माझी गरजही नाही. हे आठवडाभर चालून उतरलेले, नाव काढलं तर समोरच्याच्या चेहऱ्यावरची रेषही न हलणारे. एक आहे वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसाचा, ज्याला येणारा प्रत्येक ट्रकवाला आपलं गाऱ्हाणं सांगतो. एक दोन बहिणींचा, ज्यांचं एकमेकींशी बोलणं बंद आहे आणि शिवणयंत्र मात्र दोघींत एकच. एक लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा, तो तर इतका विनोदी आहे की मुलं जमिनीवर लोळतात.

मुलं म्हणजे आमच्या गल्लीतली. दर शनिवारी दुपारी ती त्या खोलीत येतात, सतरंजीवर पसरतात आणि मी त्यांना एक चित्रपट दाखवतो. काळा-पांढरा आहे, संथ आहे, भाषा परकी आहे, यातलं काही मुलांना अडत नाही. खालची अक्षरं मोठी मुलं लहानांना वाचून दाखवतात. माझी पद्धत साधी आहे. सुरू करण्याआधी मी एकच गोष्ट सांगतो, कुठे बघायचं ती. "त्याच्या टोपीकडे लक्ष ठेवा." "धाकटीच्या हातातल्या कात्रीकडे लक्ष ठेवा." एवढं सांगितलं की मूल डोळे उघडे ठेवतं, आणि डोळे उघडे ठेवले की बाकीचं आपोआप दिसतं. वाचायला शिकवतानाही मी हेच करायचो.

तर पावसाळा संपता संपता ग्रंथपाल बाईंनी मला बोलावून सांगितलं, की कपाट काढायचं ठरतंय. तिथे झेरॉक्सचं मोठं यंत्र येणार होतं.

"कोणी नेतच नाही, सर," त्या म्हणाल्या.

"मुलं बघतात ना."

"मुलं सभासद नाहीत. आणि कपाट गेलं की टीव्हीही जाईल. ती जागा यंत्राला लागेल."

म्हणजे शनिवारही गेला. मी म्हटलं, लोक नेतील, मी न्यायला लावतो.

"नेतील हो, तुमच्या भिडेखातर नेतील. पण बघतील का?" बाई तशा प्रेमळ आहेत, पण त्यांच्या तोंडी भीड नाही. "असं करा. महिनाअखेरीला समितीची बैठक आहे. ज्यांनी खरंच एखादा चित्रपट बघितलाय अशी तीन-चार माणसं घेऊन या. त्यांनी बोलावं. लोकांना हवंय असं दिसलं तर अध्यक्ष कपाटाला हात लावणार नाहीत."

"ठीक आहे. मीही थोडं बोलेन."

"तुम्ही नको, सर. तुम्ही बोललात की बैठक लांबते."

मी ते मनावर घेतलं नाही. घरी येऊन निवड करायला बसलो. माझ्या मते त्या कपाटातला सगळ्यात चांगला चित्रपट म्हणजे पुलाच्या रखवालदाराचा. नदीवर एक उचलता येणारा पूल आहे. बोट आली की रखवालदार चाक फिरवून पूल वर उचलतो, बोट गेली की खाली घेतो. त्याची मुलगी लग्न होऊन पलीकडच्या काठावर राहते आणि बापलेकीचं काहीतरी बिनसलेलं आहे. बस, एवढीच गोष्ट. त्यात एक जागा आहे. रखवालदाराने चहाचा कप पुलाच्या कठड्यावर ठेवलेला असतो. पडद्यावर बोट नाही, आवाज नाही, काही नाही, आणि कपातला चहा थरथरायला लागतो. मी तो चित्रपट उन्हाळ्यात घरी आणून शेवटचा बघितला तेव्हाही त्या जागी मी खुर्चीत पुढे सरकलो होतो. आमची ही तेव्हा शेजारी वाचनालयातूनच आणलेली गुडघ्यांच्या व्यायामाची डीव्हीडी हातात घेऊन उभी होती. "तुमचा कप हलून झाला असेल तर मला माझे पाय हलवायचेत," असं ती म्हणाली होती. मुलांसाठी हा चित्रपट मी परीक्षेनंतरच्या शनिवारकरता राखून ठेवला होता.

पहिला गाठला दंतवैद्य. हा चौथीत माझ्या वर्गात होता. खुर्चीत मला आडवं करून, माझ्या तोंडात आरसा आणि नळी घालून तो म्हणाला, "सर, काहीतरी चांगलं सुचवा ना बघायला. रोज रात्री आम्ही दोघं नुसती यादी वरखाली करत बसतो आणि झोपून जातो."

हा प्रश्न तो मला दर भेटीत विचारतो, आणि दर भेटीत माझ्या तोंडात नळी असताना विचारतो. या वेळी मी हात वर करून त्याला थांबवलं, नळी काढायला लावली आणि सगळं नीट सांगितलं.

"काळा-पांढरा आहे?"

"आहे."

"किती लांब?"

"तुझ्या एका रूट कॅनॉलपेक्षा लहान. सुरुवातीला संथ वाटेल, धीर धर. आणि त्या कपाकडे लक्ष ठेव."

"नक्की, सर," असं म्हणून त्याने नळी परत घातली.

दुसरे आमचे शेजारी, विमेवाले. ते आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारत आले, त्यामुळे साधा चित्रपटही त्यांना चौकशी केल्याशिवाय घेता येत नाही. शेवट गोड आहे ना? कोणी मरत तर नाही? लेकीचं आणि बापाचं शेवटी जमतं का? मी म्हटलं, ते कळायलाच चित्रपट बघायचा असतो. "नाही, म्हणजे वेळ वाया जायला नको," ते म्हणाले. हेच गृहस्थ संध्याकाळी फाटकाशी उभे राहून येणारी-जाणारी वाहनं बघतात. मी त्यांनाही सांगितलं, की सुरुवात संथ आहे, धीर धरा, आणि कपाकडे लक्ष ठेवा.

तिसरे आमचे व्याही. मुलीच्या सासऱ्यांना भरीला घालणं मला बरं वाटत नव्हतं. आमच्यात इतकी अदब आहे, की दारातून आधी कोणी आत जायचं यावर आम्ही दोघं उंबऱ्याशी खोळंबतो आणि मागची माणसं वैतागतात. पण माणसं कमी पडत होती. व्याही म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणजे बघणारच. तुमचा शब्द आम्ही कधी खाली पडू दिलाय का?" त्यांनाही मी तेच सांगितलं. संथ आहे, धीर धरा, कप.

डीव्हीडी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. परत देताना दंतवैद्य म्हणाला, "तो कप, सर. काय कप आहे." विमेवाले फाटकाशी म्हणाले, "कप बघून अंगावर काटा आला." मी खूश झालो. व्याही मात्र जरा वेगळंच बोलले. "संथ आहे खरा," ते म्हणाले, "पण फार उपयोगी. बघून झाला की अंग हलकं वाटतं. परत करण्याआधी रोज सकाळी थोडा थोडा बघून घेतोय." मला वाटलं, काय दृष्टी आहे या माणसाची. इतकी वर्षं मी यांना ओळखलंच नव्हतं.

ही म्हणाली, "व्याही? त्यांना बातम्या बघतानाही झोप लागते."

"कलेपुढे माणूस जागा होतो," मी म्हणालो. तिने भाजी निवडायला घेतली.

बैठकीला अध्यक्ष, ग्रंथपाल बाई आणि समितीची दोन माणसं होती, ती दोघं शेवटपर्यंत मोबाइलमध्ये होती. अध्यक्षांचं रंगाचं आणि हत्यारांचं दुकान आहे. त्यांना कुठलीही गोष्ट हातात घेऊन वाजवून बघायची सवय. माझी तिन्ही माणसं नीटनेटके कपडे घालून आली होती. व्याहींनी तर कोट घातला होता. त्यांना आणायला माझी मुलगी आली होती, ती मागे बाकावर बसली.

"हं, बोला," अध्यक्ष म्हणाले. "कसा वाटला चित्रपट?"

दंतवैद्य उभा राहिला. "उत्तम. आज असे चित्रपट निघत नाहीत. विशेषतः तो कप."

"म्हणजे?"

"म्हणजे कप असतो आणि तो... हलतो. सुरुवातीला संथ वाटतं, पण धीर धरावा लागतो."

विमेवाले उभे राहिले. "डॉक्टरांशी मी सहमत आहे. सुरुवात संथ आहे, पण धीर धरला की कप येतो. अंगावर काटा येतो."

मी इतकी वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. दोन पोरांनी एकाच गाइडातून पाठ केलेलं उत्तर मला दुसऱ्या ओळीत ओळखू येतं. फरक एवढाच होता, की इथे गाइड मीच होतो. पुलाचं नाव कोणी काढलं नव्हतं. मुलीचं कोणी काढलं नव्हतं. रखवालदाराचं नावही नाही. मी दंतवैद्याकडे बघितलं. चौथीत पकडल्यावर तो जसा डाव्या कानाची पाळी ओढायचा, तशीच आता ओढत होता.

"अरे, पण त्याच्या मुलीचं काय?" मी न राहवून विचारलं.

"मुलगीही छान आहे, सर," दंतवैद्य म्हणाला.

"सर, तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी टेबलावर बोटं वाजवली. "एवढं कप कप चाललंय तर दाखवा तो कप. टीव्ही इथेच आहे ना? दोन मिनिटं लावा."

हे फारच छान झालं असं मला वाटलं. या दोघांचं काही होवो, त्या कपाने मोबाइलमधली माणसंसुद्धा मान वर करतील याची मला खात्री होती. बाईंनी कव्हर उघडलं, डीव्हीडी घातली. पडदा उजळला.

पडद्यावर हिरव्या कपड्यांतली एक बाई हसत उभी होती. "नमस्कार," ती म्हणाली. "आज आपण गुडघ्यांची काळजी घेणार आहोत. एक खुर्ची जवळ ओढा."

बाईने उजवा पाय उचलला.

"हे काय आहे?" अध्यक्ष म्हणाले.

"हाच," व्याही समाधानाने म्हणाले. "हाच चित्रपट. आता डावा पाय घेईल."

मी खुर्चीत बसून घेतलं. दंतवैद्य आणि विमेवाले एकमेकांकडे न बघता पडद्याकडे बघत होते. चित्रपट ते पहिल्यांदाच बघत होते, हे आता मोबाइलवाल्यांनाही कळलं होतं.

"बाबा," माझी मुलगी मागून सासऱ्यांना म्हणाली, "तुम्हाला वाटलं नाही का, की हा चित्रपट नाहीये?"

"पहिल्या दिवशी वाटलं," व्याही म्हणाले. "पण हे म्हणाले होते, सुरुवात संथ आहे, धीर धरा. म्हटलं, हळूहळू गोष्ट सुरू होईल. शेवटपर्यंत बघितला. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय, परत बघावा. मग म्हटलं नुसतं बसून काय बघायचं, ती म्हणतेय तसं करून बघू." त्यांनी कोटाचं बटण सैल केलं आणि खुर्चीला हात न लावता उठून उभे राहिले. "हे आधी जमत नव्हतं."

"आणि कप?" मी विचारलं.

"ती मध्येच पाणी पिते. तो असेल असं समजलो." मग ते माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "तुम्ही एवढ्या आवडीने सांगितलंत. कळलं नाही असं तुम्हाला कसं सांगणार?"

संपूर्ण समितीसमोर ज्या एका माणसाने माझा चित्रपट खरोखर, मन लावून, रोज बघितला होता, त्याने तो बघितलाच नव्हता. घरी दोन डीव्हीडी, दोन कव्हरं आणि एकच यंत्र, त्या दिवशी काय झालं असेल हे मला लख्ख दिसत होतं. शेवटी डीव्हीडी चुकीच्या कव्हरांत कोणी घातल्या हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही. ही म्हणते मी, मी म्हणतो ही.

"म्हणजे निर्णय सोपा झाला," अध्यक्ष म्हणाले. "यंत्र सोमवारी मागवू."

"एक मिनिट," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्या कपाळाला हात लावून उभ्या होत्या. "गुडघ्यांची डीव्हीडी इथे आहे, तर तिच्या कव्हरात काय आहे? ते कव्हर माझ्या सासूबाईंकडे आहे. उन्हाळ्यापासून आहे. मी विचारते, गुडघे कसे आहेत, तर म्हणतात, बसायला काही त्रास नाही."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"आई, ते व्यायामाचं तुम्ही बघता ना, त्यात काय आहे?"

"का गं, परत द्यायचंय का?" फोनमधून आवाज आला. "थोडे दिवस राहू दे."

"त्यात व्यायाम आहे का, एवढं सांगा."

"व्यायाम असा नाही," सासूबाई म्हणाल्या. "एक पूल आहे."

मी उठून फोनजवळ गेलो.

"मी दुपारी लावते," त्या सांगत होत्या. "वरच्या मजल्यावरची पोरं शाळेतून आली की तीही येतात. धाकटीला सगळा पाठ झालाय. आधीच सांगत बसते, आता बोट येणार म्हणून. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, गुडघे सोडून सिनेमे बघता."

"त्यात काय बघितलंत?" अध्यक्षांनी फोनकडे वाकून विचारलं. त्यांची बोटं थांबली होती.

"कोण बोलतंय?"

"आई, अध्यक्ष आहेत वाचनालयाचे. सांगा."

"बघण्यासारखं काय, तो माणूस. दिवसभर दुसऱ्यांसाठी पूल वर कर, खाली कर. सगळं गाव त्यावरून जातं. तो स्वतः एकदाही पलीकडे जात नाही. काठाला उभी असते पोरगी, आणि हा चाकाला तेल घालतो. वरची धाकटी मला विचारते, आजी, त्याला चालता येत नाही का? मी म्हटलं, येतं गं बाई. शेवटी जायला निघतो तेव्हा पूल वर उचललेला असतो, आणि मग..." त्या थांबल्या. "जाऊ दे, तुम्ही बघितला नसेल तर सांगत नाही."

तो माणूस सबंध चित्रपटात एकदाही पूल ओलांडत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. इतक्यांदा बघितला. मी दर वेळी कपाची वाट बघत बसायचो.

"आजी," मी म्हणालो, "आणि तो कप? कठड्यावरचा? चहा थरथरतो तो?"

"कुठला कप?"

"बोट यायच्या आधी. कठड्यावर ठेवलेला असतो."

"असेल बाई. माझं लक्ष नव्हतं. कपाकडे बघत बसले असते तर त्या माणसाकडे कोण बघणार?"

मी तोंड उघडलं. ग्रंथपाल बाईंनी माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं. मी तोंड मिटलं.

"वरची पोरं किती?" अध्यक्षांनी विचारलं.

"चार-पाच असतील. सुट्टीला जास्त. अहो, तुमच्याकडे असले आणखी आहेत का?"

अध्यक्षांनी कपाटाकडे बघितलं. उठून त्याचं दार उघडलं, बंद केलं, काचेवर टिचकी मारून बघितली. "मजबूत आहे," ते म्हणाले. "यंत्र बाहेर व्हरांड्यात बसेल. पत्रा टाकून घेऊ." कपाट वाचलं, म्हणजे शनिवार वाचला. दंतवैद्य टाळ्या वाजवायला लागला आणि माझ्याकडे बघून थांबला. त्याला मी त्याच वेळी वजनकाट्यावरचा माणूस दिला आणि सांगितलं, की पुढच्या महिन्यात माझी दाढ बघायला येईन तेव्हा तोंडी परीक्षा घेईन, नळी घालण्याआधी.

"कशाकडे लक्ष ठेवू, सर?"

"सगळीकडे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी दोन बहिणींचा चित्रपट घेऊन ग्रंथपाल बाईंच्या घरी गेलो. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, पाय स्टुलावर. वरच्या मजल्यावरची धाकटी त्यांच्या खुर्चीच्या दांडीवर. मी डीव्हीडी पुढे केली. धाकटीने ती घेतली, उलटसुलट करून बघितली आणि माझ्याकडे मान वर करून उभी राहिली, मुलं गोष्ट सुरू व्हायच्या आधी राहतात तशी.

"हा दोन बहिणींचा आहे," मी म्हणालो. "यात बघ, धाकट्या बहिणीच्या हातात..."

"मास्तर," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही बघू."

मी गप्प बसलो. तसं गप्प बसणं मला किती जड गेलं, हे ज्यांनी कधी शिकवलंय त्यांनाच कळेल. कात्री, कात्री, कात्री असं माझ्या डोक्यात वाजत होतं. धाकटीने डीव्हीडी यंत्रात घातली आणि माझ्यासाठीही एक खुर्ची ओढली. तेवढ्यात माझा फोन वाजला. व्याही होते. कसं विचारावं याची त्यांना फार अडचण होत होती.

"नाही, म्हणजे घाई नाही," ते म्हणाले. "पण तुमच्या त्या चित्रपटाचा दुसरा भाग निघाला होता का? खांद्यांचा वगैरे?"